पूर्व टेक्ससमध्ये ओढ्याकाठी सापडलेली खापरं: कॅडो असतील का?

बायूकाठचा

नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या मित्राच्या आजोबांची नॅकडोचेस काउंटीत जमीन आहे. गुरांची कुरणं, मधून एक ओढा. यंदाच्या पावसात ओढ्याचा काठ ढासळला आणि तांबड्या मातीत खापराचे तुकडे दिसायला लागले. मोजले नाहीत, पण ओंजळभर तरी सहज असतील. गेल्या आठवड्यात तिथे गेलो होतो, तेव्हा फोटो काढले.

फोटो १ मधले तुकडे जाड, तपकिरी आहेत. बाहेरच्या अंगाला अंगण खराट्यानं झाडल्यावर उमटतात तशा रेघा, आतून साधे. फोटो २ मधला तुकडा पातळ, काळा, चकचकीत. त्यावर वळत जाणाऱ्या बारीक रेघा आणि रेघेला चिकटून करवतीसारखे छोटे दाते. फोटो ३ मध्ये बोटाच्या पेराएवढा तुकडा, मोडलेल्या कडेत पांढरे कण. फोटो ४ खापराचा नाही, निळ्या काचेचा मणी आहे. तोही तिथेच होता.

आजोबा म्हणतात, लहानपणापासून हे बघतोय, ‘इंडियन’ लोकांचं आहे. म्हणजे कोणाचं आणि कधीचं? आणि त्यांनी मला दोन-चार घेऊन जा म्हटलंय. घेऊ का? मुलीला शाळेत दाखवायला बरे पडतील.

---

मृण्मयी

फोटो झकास आहेत. शेजारी नाणं ठेवल्यामुळे आकाराचाही अंदाज येतो. ओढ्याचं नाव लिहिलं नाहीत हे फार चांगलं केलंत, पुढेही लिहू नका. का ते नंतर सांगते.

मी इथे पूर्व टेक्ससमध्येच राहते आणि शनिवारी एका प्रयोगशाळेत खापरं धुणं, वर्गवारी करणं, वजन करणं असली कामं करायला जाते. पगार नाही, हौस आहे. त्या बळावर सांगते.

हो, कॅडो या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांचीच. नॅकडोचेसच्या आसपास, अँजेलिना आणि नेचेस नद्यांच्या खोऱ्यात कॅडोंपैकी हसिनाई गट राहायचा. रेड नदीच्या मोठ्या वळणाजवळ कादोहदाचो आणि खाली लुईझियानात नॅकिटश. आजच्या नकाशावर चार राज्यं येतात : पूर्व टेक्सस, वायव्य लुईझियाना, नैऋत्य आर्कान्सा, आग्नेय ओक्लाहोमा. (नॅकडोचेस आणि नॅकिटश या नावांत सगळ्यांचाच गोंधळ होतो. इथली दंतकथा अशी की एका प्रमुखाला दोन जुळे मुलगे होते, एकाला त्यानं उगवतीकडे पाठवलं आणि दुसऱ्याला मावळतीकडे. दोन्ही गावं पर्यटकांना ती गोष्ट सांगतात.)

आता तुकडे. फोटो २ सगळ्यात बोलका आहे. रेघेच्या एका बाजूनं निघालेले ते छोटे दाते म्हणजे ‘पॅटन एन्ग्रेव्ह्ड’ या प्रकाराची खूण. हसिनाईंच्या शेवटच्या काळात, साधारण १६५० ते १८०० दरम्यान, हा प्रकार या भागात चालायचा. पुरातत्त्वातले लोक त्या काळाला अ‍ॅलन फेज म्हणतात. दाते नसते आणि नुसते कोरलेले पट्टे असते, तर आणखी जुना काळ धरावा लागला असता.

फोटो १ मधल्या खराट्याच्या रेघा म्हणजे ‘ब्रश्ड’ काम. भांडं ओलं असताना गवताच्या काड्यांची जुडी त्यावरून ओढायची. ही रोजच्या स्वयंपाकाची आणि साठवणीची मडकी. इथल्या उशिराच्या वस्त्यांवर गोणीभर खापरं गोळा केली तर त्यातली बहुसंख्य अशीच निघतात. त्यामुळेच ती कामाची. नेचेसच्या खोऱ्यात ब्रश केलेली खापरं काळानुसार वाढत जातात, म्हणून साधी किती आणि ब्रश केलेली किती या प्रमाणावरून वस्ती आधीची की नंतरची याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी सगळे तुकडे लागतात, निवडलेले सुंदर नव्हे.

फोटो ३ मधले पांढरे कण बहुतेक जाळून कुटलेल्या हाडांचे. मण्याबद्दल थोडंच : तो युरोपातून आलेला आहे, म्हणजे स्पॅनिश किंवा फ्रेंच लोकांशी देवाणघेवाण सुरू झाल्यानंतरचा. पॅटनच्या दात्यांशी हे जुळतं.

---

जुना_बाजार

मस्त माहिती ताई. व्यवहाराचं विचारतो, रागावू नका. याला किंमत किती? ऑनलाइन लिलावात कॅडोंची अख्खी भांडी दिसतात आणि बोली बरीच वर जाते.

---

मृण्मयी

रागावत नाही, पण उत्तर आवडणार नाही. तुकड्यांना बाजारात जवळजवळ किंमत नाही. अख्ख्या भांड्यांना आहे, आणि अख्खी भांडी कुठून येतात ते बघा. घरातलं मडकं फुटेपर्यंत वापरतात, फुटलं की उकिरड्यावर. तीनशे वर्षं अखंड राहिलेलं भांडं बहुतेक वेळा कबरीतून निघालेलं असतं. कॅडो आपल्या माणसाबरोबर अन्नपाण्याची भांडी पुरायचे. इथे चोर लोखंडी सळई जमिनीत खुपसत फिरायचे. सळईला मऊ माती लागली की खणायचं, भांडं काढायचं, हाडं तशीच उघडी टाकायची. म्हणून म्हटलं, ओढ्याचं नाव लिहू नका.

आणि हे नुसत्या चोरांचं नाही. क्लॅरेन्स मूर नावाचे फिलाडेल्फियाचे श्रीमंत गृहस्थ १९११-१२ च्या सुमारास ‘गोफर’ नावाच्या आपल्या वाफेच्या बोटीतून रेड नदीवर हिंडले. काठावरच्या टेकाडांमध्ये खणत गेले आणि लगेच चित्रांसकट जाडजूड अहवाल छापले. अहवाल देखणे आहेत, आजही लागतात. पण त्यांचा सगळा भर कबरींवर. लोक राहायचे कुठे, चूल कुठे होती, कचरा कुठे टाकायचे, यात त्यांना रस नव्हता.

---

ओक्लाहोमावासी

स्पायरोच्या टेकाडाची आठवण झाली. आमच्या राज्याच्या पूर्वेला, आर्कान्सा नदीकाठी. १९३३ मध्ये काही जणांनी टेकडीच्या भाडेपट्ट्यासाठी चक्क ‘पोकोला मायनिंग कंपनी’ काढली आणि १९३५ पर्यंत ती पोखरली. शंखावर कोरलेली चित्रं, तांब्याचे पत्रे, कापडाचे तुकडे, सगळं बाहेर काढून जागेवरच विकलं. वर्तमानपत्रांनी त्याला अमेरिकेतली तुतनखामेनची कबर म्हटलं. त्या लुटीमुळेच ओक्लाहोमानं पुरावस्तूंसाठी कायदा केला. तोवर बरंच गेलं होतं.

---

सातबारा

कायद्याचं विचारतो. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. वर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा. टेक्ससमध्ये आजोबा ‘घेऊन जा’ म्हणतात म्हणजे ते त्यांचंच का?

---

मृण्मयी

बऱ्याच अंशी हो, आणि आपल्या लोकांना हे पचत नाही. खासगी जमिनीतली वस्तू जमीनमालकाची. सरकारी जमिनीवर मात्र हात लावायचा नाही. राज्याच्या जमिनीसाठी टेक्ससचा १९६९ चा कायदा आहे, संघराज्याच्या आणि आदिवासी जमिनींसाठी १९७९ चा. माणसाचं दफन असेल तर खासगी जमिनीतही परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि १९९० च्या कायद्यानुसार संघराज्याचा पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी अस्थी आणि दफनातल्या वस्तू त्या त्या आदिवासी राष्ट्राला परत देण्याची प्रक्रिया करायची आहे. २०२४ च्या जानेवारीत त्याचे नियम आणखी कडक झाले. आता वंशजांची किंवा संबंधित आदिवासी राष्ट्राची संमती घेतल्याशिवाय अशा वस्तू प्रदर्शनातही ठेवता येत नाहीत.

तेव्हा बायूकाठचा, कायद्यानं तुम्ही दोन तुकडे नेऊ शकता. नेऊ नका असं मला वाटतं. काठ ढासळतोय, म्हणजे तिथे एका घराचा उकिरडा किंवा साठवणीचा खड्डा असू शकतो. कुठला तुकडा कुठल्या थरात होता, मणी कुठल्या खापराशेजारी होता, यावरूनच ते घर उभं राहतं. शोकेसमधल्या तुकड्यावरून फक्त नक्षी कळते.

---

चाक_फिरतंय

मी व्यवसायानं कुंभार, त्यामुळे माझी खाज वेगळी. हाडाचा चुरा का घालायचे? आमच्याकडे घोड्याची लीद, राख, बारीक वाळू घालतात. आणि ही भांडी चाकावरची वाटत नाहीत.

---

मृण्मयी

चाक नव्हतंच. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून, दाबून, खरवडून भिंत पातळ करायच्या, आणि चांगलं भांडं असेल तर गोट्यानं घोटून चकाकी आणायची. काम बायकांचं. भट्टीही नाही, उघड्यावर लाकडं रचून भाजायचं. फोटो १ मधल्या एका तुकड्यावर काळा ढग दिसतोय ना, तो त्या आगीचा. जळकं लाकूड भांड्याला टेकलं असणार.

मिसळण्यात तीन गोष्टी मुख्य. बहुतेक ठिकाणी जुनी खापरंच कुटून घालतात. हाडांचा चुरा अँजेलिना आणि अटॉयक या नद्यांच्या बाजूला जास्त दिसतो. रेड नदीच्या काठी उशिराच्या काळात शिंपल्यांचा चुरा येतो. माती भाजताना आकसते आणि चुलीवर तापते-निवते तेव्हा तडकू शकते. चुरा ती तड थोपवतो. शिंपला मात्र जास्त तापला तर त्याचा चुना होतो, नंतर ओल लागली की तो फुगतो आणि भांड्याला टवके उडतात. म्हणजे शिंपला घालणारीला आग ताब्यात ठेवावी लागायची.

या मिश्रणाचा आम्हाला फायदा असा की कडेला ताजा तुकडा मोडून भिंगाखाली धरला की गाव नाही तरी खोरं कळतं. त्यापुढे जायचं तर मिसुरी विद्यापीठाच्या अणुभट्टीत खापराचा नमुना न्यूट्रॉननं तपासतात. मातीतल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून ती कुठल्या भागातली ते ताडता येतं. कॅडो खापरांचे असे पुष्कळ नमुने तिथे तपासले गेलेत.

---

चाक_फिरतंय

आणि ती बारीक रेघ ओल्यावर ओढलीय की वाळल्यावर? फोटोत नीट कळत नाही.

---

मृण्मयी

नेमका प्रश्न विचारलात. ओल्या मातीवर रेघ ओढली की माती दोन्ही बाजूंना सरकून बारीक वरंबा तयार होतो आणि रेघेचा तळ गुळगुळीत राहतो. पूर्ण वाळल्यावर किंवा भाजल्यावर कोरली तर कडेला बारीक टवके उडतात आणि आतला फिका रंग दिसतो. फोटो २ झूम करा, टवके आहेत. म्हणजे कोरलेली. अशा रेघांत कधी लाल गेरू, कधी पांढरी माती भरायचे, काळ्या अंगावर ती उठून दिसायची. तिसरा प्रकार ‘ट्रेल्ड’, बोथट काडीनं ओल्यावर ओढलेली रुंद रेघ. ‘कीनो ट्रेल्ड’ बघितलंत तर तुम्ही कामधंदा सोडून बसाल.

---

जुना_बाजार

बरं, विकत नाही :) पण ‘गाव’ म्हणताय तर ते दिसतं कसं? माझ्या डोक्यात आपली पांढरी आहे. नदीकाठी टेकाड, शेतकरी तिथली माती शेतात टाकायला नेतात, आणि नांगर फिरला की जोर्वेची लाल खापरं.

---

मृण्मयी

पांढरीची कल्पना इथे बाजूला ठेवा. एकाच जागी पिढ्यानपिढ्या घरावर घर बांधून चढलेलं टेकाड नाही. कॅडोंचीही टेकाडं आहेत, पण ती मुद्दाम रचलेली. आल्टो गावाजवळ हायवे २१ वर कॅडो माउंड्स आहे, क्रमांक ४१सीई१९. (४१ म्हणजे टेक्सस. क्रमांक ठरले तेव्हा ४८ राज्यं होती आणि वर्णानुक्रमे टेक्सस एक्केचाळिसावं. सीई म्हणजे चेरोकी काउंटी.) इसवी सन ८०० च्या सुमारास ती वस्ती सुरू झाली, तेराव्या शतकाच्या अखेरीस टेकाडांचा वापर संपला. मंदिराचं उंच टेकाड, एक ठेंगणं, एक दफनाचं. १९३९ ते ४१ मध्ये मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून तिथे मोठं उत्खनन झालं. तिथली नक्षीदार खापरं फोटोंतल्या तुकड्यांपेक्षा पुष्कळ जुनी, ‘हॉली फाइन एन्ग्रेव्ह्ड’ वगैरे.

सामान्य लोक राहायचे ते दूरदूर. १६९१-९२ मध्ये तेरान या स्पॅनिश अधिकाऱ्याची मोहीम रेड नदीवरच्या नासोनी या कॅडो गटाच्या वस्तीपर्यंत गेली होती. त्या मोहिमेतला नकाशा आजही आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर लांबच लांब विखुरलेली घरटी, प्रत्येकाचं आवार वेगळं, आवारात गवतानं शाकारलेलं गोल घर, धान्याची माचोळी, सावलीचा मांडव, भोवती मक्याची शेतं. एका टोकाला टेकाडावर मंदिर. म्हणून इथे खापरं एका जागी ढिगानं नाही, तर ओढ्याच्या काठानं थोडी इथे, थोडी तिथे अशी सापडतात. बायूकाठचा, तुमच्या मित्राच्या आजोबांच्या कुरणातही पलीकडच्या उंचवट्यावर दुसरा ठिपका असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

नॅकडोचेसच्या पश्चिमेला देशाझो नावाची अशीच छोटी हसिनाई वस्ती आहे. १९७५-७६ मध्ये डी अ‍ॅन स्टोरी यांनी टेक्सस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन ती खणली. घरं शिल्लक नव्हती, पण खांबांच्या खळग्यांचे गोल डाग मातीत उमटले होते. खापरांत ब्रश केलेली मडकी आणि पॅटनचे वाडगे, जोडीला काचेचे मणी. तुमच्या चार फोटोंचा संच मी बघितला तेव्हा पहिल्यांदा देशाझोच आठवली.

---

सातबारा

एक शंका. मणी आले, बंदुका आल्या, लोखंडी भांडी आली असतील. मग मडकी कोण करत बसेल?

---

मृण्मयी

उलटं झालं. लॉस अदाएस हे लुईझियानातल्या रोबेलीनजवळचं स्पॅनिश ठाणं, १७२९ पासून चाळीसेक वर्षं टेक्ससची राजधानी. तिथल्या उत्खननात युरोपीय बशा आणि मेक्सिकोची झिलईदार भांडी आहेतच, पण स्थानिक मातीच्या खापरांचं पारडं कितीतरी जड. मेक्सिकोहून खेचरांवर लादून भांडी यायला वेळ आणि पैसा दोन्ही लागायचं. कायद्यानं शेजारच्या फ्रेंचांशी व्यापार बंद (चोरून चालायचा). मग सैनिकांच्या घरात शिजायचं कशात? शेजारच्या कॅडो बायकांनी केलेल्या मडक्यांत. इतकंच नाही, त्या बायकांनी रुंद काठाच्या पसरट थाळ्या घडवल्या, युरोपीय घाटाच्या, पण माती आणि हात त्यांचाच. गिऱ्हाईक ओळखून माल बदलला.

मडकी थांबली ती बाजारामुळे नाही. आधी साथी आल्या. १६९० मध्ये हसिनाईंमध्ये पहिलं मिशन उभं राहिलं, वर्षभरात साथ, आणि १६९३ मध्ये पाद्री मिशन सोडून पळाले. मग १८३५ च्या तहात लुईझियानाची जमीन गेली. १८५९ मध्ये टेक्ससच्या ब्राझोस राखीव क्षेत्रातूनही त्यांना उठवून आजच्या ओक्लाहोमात, वॉशिटा नदीकाठी नेलं. ज्या ओढ्याची चिकण माती आईला आणि आजीला माहीत, तो ओढाच उरला नाही.

---

ओक्लाहोमावासी

यातला पुढचा भाग मी सांगतो, कारण लोकांना वाटतं कॅडो संपले. कॅडो नेशनचं मुख्य कार्यालय बिंगर गावी आहे, ओक्लाहोमा सिटीच्या नैऋत्येला. नाचगाणी आणि भाषेचे वर्ग चालतात. मडकी करण्याची कला मात्र तुटली होती. जेरेल्डीन रेडकॉर्न यांनी १९९१ मध्ये आयडाबेलच्या म्युझियम ऑफ द रेड रिव्हरमध्ये आपल्या पूर्वजांची भांडी पाहिली. त्या आधी शिकवायच्या. शिकवायला कोणी कुंभारीण शिल्लक नव्हती, म्हणून जुनी भांडी बघून स्वतःच वळ्या लावत, कोरत, भाजत शिकल्या. त्यांचं एक भांडं ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या दालनात होतं. आता पुढच्या पिढीतले चेस अर्ल्स वगैरेही काम करतात.

जुना_बाजार, विकत घ्यायचंच असेल तर यांच्याकडून घ्या. नवं असतं, सही असते, आणि कोणाची कबर फुटलेली नसते.

---

चाक_फिरतंय

नुसती भांडी बघून शिकायचं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. बाहेरून घाट दिसतो, पण माती किती दिवस मुरवली ते दिसत नाही.

---

मृण्मयी

म्हणूनच तुकडे लागतात. अख्ख्या भांड्याची भिंत आतून कशी आहे ते बघता येत नाही. वळ्या कुठे जोडल्या, चुरा किती घातला, आग किती आत पोचली, हे मोडलेल्या कडेतच दिसतं.

जाता जाता एक. हौशी माणसानं काही करू नये असं माझं म्हणणं नाही. लुईझियानातल्या बेल्चर टेकाडाचं उत्खनन करणारे क्लॅरेन्स वेब हे श्रीव्हपोर्टचे लहान मुलांचे डॉक्टर होते. सुट्टीच्या दिवशी खणायचे. पण नोंदी अशा ठेवल्या की १९५९ मध्ये छापलेला त्यांचा अहवाल अजून टेबलावर असतो.

---

बायूकाठचा

सगळ्यांचे आभार. आजोबांशी काल फोनवर बोललो. टेक्सस हिस्टॉरिकल कमिशनचे स्वयंसेवक स्टुअर्ड असतात, ते फुकट येऊन नोंद करतात आणि त्यानं जमीन सरकारजमा होत नाही, हे पटवायला अर्धा तास गेला. त्यांची मुख्य भीती तीच होती. आता ‘येऊ द्या’ म्हणालेत. मणी मात्र आजींनी डब्यात ठेवलाय आणि तो त्या देणार नाहीत. त्यांना तो स्टुअर्डना दाखवायला तरी सांगितलंय.

काठ मात्र पुढच्या पावसात आणखी जाणार. पाण्यात पडलेले तुकडे उचलून ठेवू की तसेच राहू देऊ? एकाच्या आतल्या बाजूला काळा, कडक थर चिकटलाय. ब्रशनं घासला तर निघेल असं वाटतं.

---

मृण्मयी

घासू नका! तो थर म्हणजे बहुधा करपलेलं अन्न. त्यावरून कार्बन पद्धतीनं वय काढता येतं, आणि मडक्यात मका शिजायचा की मांस, याचाही तपास करता येतो.

पाण्यात पडलेले उचलायला हरकत नाही, त्यांची जागा तशीही गेली आहे. काठात रुतलेले उपसू नका, फक्त फोटो काढा, शेजारी मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून. काळ्या थराच्या तुकड्याला शक्यतो बोट लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच, प्लॅस्टिकमधले पदार्थ चरबीच्या तपासणीत गोंधळ घालतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सैल गुंडाळून कागदी पाकिटात घाला. तारीख आणि जागा पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी आत टाका, पेनाची शाई ओलीनं पसरते. आणि आजींच्या डब्यातही तशीच एक चिठ्ठी जाऊ द्या.